भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागतोय आणि आईपण सही करायला निघालीय, काय करावं?

घोडकाठची_लेक (हडपसर, पुणे)

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण कृपया पूर्ण वाचा. माझं माहेर शिरूर तालुक्यात, लग्नानंतर मी हडपसरला. वडील २०१९ ला गेले. मागे आई, भाऊ आणि आम्ही दोघी बहिणी. ताईचं लग्न १९९१ चं, माझं २००३ चं. जमीन एकूण साडेचार एकर, त्यातली तीन एकर आजोबांकडून आलेली आणि दीड एकर वडिलांनी ट्रक चालवून साठवलेल्या पैशातून स्वतः घेतलेली, विहीर त्याच दीड एकरात आहे.

वडील गेल्यावर वारस नोंद करायचीय म्हणून भावाने सगळ्यांची आधार कार्डं नेली होती, आम्ही परत काही विचारलं नाही. आता मोबाईलवर सातबारा काढून बघितला तर कब्जेदार म्हणून एकट्या भावाचं नाव, आणि आई, ताई, मी अशा तिघी खाली इतर हक्कात. आणि त्यावरही भाऊ म्हणतोय की तिघींनी हक्कसोडपत्र करून द्या, सोसायटीचं कर्ज नवंजुनं करताना, ठिबकचं अनुदान घेताना दरवेळी संमती मागतात, मी किती वेळा तुमच्या सह्या गोळा करत फिरू.

भाऊ वाईट नाहीये हे आधीच सांगते. वडिलांचं आजारपण त्याने आणि वहिनीनेच काढलं. पण आई पण म्हणतेय की मला या वयात जमिनीचं काय करायचंय, मी पण सही करते, आणि ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला. कारण आमच्या भावकीतल्या एका चुलतीने असंच सगळं मुलाच्या नावावर लिहून दिलं, तो मुलगा अपघातात गेला, आणि आता सासू आणि सून दोघी मिळून दिराशी भांडतायत, बांधावर पाय ठेवू देत नाही तो.

ताईचं लग्न १९९४ च्या आधीचं असल्यामुळे तिला हिस्साच नाही असं गावात सगळे सांगतात, ते खरं आहे का? इतर हक्कात नाव म्हणजे नेमकं काय? सही दिली तर नंतर काही करता येतं का? आणि आईला कसं समजावू? मला जमीन विकायची नाहीये, भावाशी तोडायचं पण नाहीये.

निवृत्त_महसूल_काका (भोसरी)

ताई, सगळ्यात आधी एक काम करा. सातबाऱ्यावर भावाच्या नावासमोर जो फेरफार (नाव बदलल्याची नोंद) नंबर दिसतोय त्या फेरफाराची नक्कल काढा. ऑनलाइन मिळाली तर ठीक, नाहीतर गावच्या तलाठी कार्यालयात अर्ज द्या (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण लोकांच्या तोंडी तलाठीच आहे). त्या फेरफारात काय लिहिलंय, त्याला तुमच्या सहीचा कुठला जबाब किंवा प्रतिज्ञापत्र जोडलंय का, नोटीस कुणाकुणाला बजावली, हे सगळं बघितल्याशिवाय भावाशी बोलायला बसू नका.

इतर हक्काचं सांगतो, मी तीस वर्षं हेच बघितलंय. कायद्याने बाई मयताची वारस असेल तर ती मुलाच्या बरोबरीची वारस आहे, तिचं नाव कब्जेदार सदरीच, म्हणजे मालकांच्या रकान्यातच लागलं पाहिजे, हिश्श्यासकट. पण गावोगाव पद्धत अशी पडली की मुलाचं नाव वर आणि विधवा, मुली खाली इतर हक्कात. इतर हक्कात काय असतं तर बँकेचा बोजा, पाटाचा हक्क, विहिरीतला हिस्सा. तिथे आई आणि मुलींना नेऊन बसवायचं. काही ठिकाणी ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर असं लिहून थोरल्याचं एकट्याचं नाव असतं, आणि वीस वर्षांनी तो मॅनेजर गेला की त्याची पोरं म्हणतात जमीन आमच्याच बापाची. नाव इतर हक्कात असलं म्हणून तुमचा हक्क मरत नाही, पण कर्ज, अनुदान, पीक विमा, भूसंपादनाची नोटीस, सगळं आधी कब्जेदाराला विचारून होतं.

दुरुस्तीचे दोन रस्ते. भाऊ राजी असेल तर सगळ्यांनी मिळून तहसीलदारांकडे अर्ज द्या. नुसती लिहिण्यातली चूक असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली ते दुरुस्त करू शकतात. भाऊ राजी नसेल तर कलम २४७ खाली प्रांताधिकाऱ्यांकडे अपील. त्याला साठ दिवसांची मुदत असते, ती तुमची केव्हाच उलटलीय, म्हणून सोबत विलंब माफीचा अर्ज जोडावा लागतो, आणि त्यात फेरफार आत्ता कळला, नोटीस मिळाली नव्हती हे खरं खरं लिहायचं.

२०२५ ला सरकारने जिवंत सातबारा मोहीम काढली होती, मयत खातेदारांची नावं कमी करून वारसांची लावायला. चांगली मोहीम, पण वारस कोण कोण आहेत हे सांगायला चावडीत जातो तो बहुतेक वेळा घरातला पुरुषच, म्हणून बायकांनी स्वतः आपापल्या माहेरचे आणि सासरचे सातबारे काढून बघायला पाहिजेत.

दिवाणी_बाजू (वकील, शिवाजीनगर)

काकांनी महसुलाची बाजू छान सांगितली. त्यात एक लक्षात ठेवा, सातबारा आणि फेरफार हे महसुलाचे रेकॉर्ड आहेत, त्यावरून मालकी ठरत नाही, सुप्रीम कोर्टाने हे कितीतरी वेळा सांगितलंय. म्हणजे भावाचं एकट्याचं नाव लागलं म्हणून तो एकटा मालक झाला नाही. पण हक्कसोडपत्र ही वेगळी गोष्ट आहे. ते सब रजिस्ट्रारकडे नोंदवलेलं असेल तर तुमचा हिस्सा खरोखर गेला, आणि नंतर फसवणूक किंवा दबाव होता हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर. रद्द करून मागायला तीन वर्षांची मुदत, आणि सिद्ध करणं महाकठीण. साध्या स्टॅम्प पेपरवर नोटरीसमोर केलेल्या हक्कसोडीला मात्र किंमत नाही, ती नोंदवलेलीच लागते.

ताईच्या लग्नाचं. महाराष्ट्राने १९९४ ला मुलींना वडिलोपार्जित जमिनीत जन्माने हक्क दिला, २२ जूनपासून, आणि त्याच्या आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या, गावात सांगतात ते तिथून आलंय. पण नंतर केंद्राचा २००५ चा कायदा आला, ९ सप्टेंबर २००५ पासून, त्यात लग्नाची अट नाहीच. २०२० ला सुप्रीम कोर्टाने विनीता शर्मा निकालात हा हक्क जन्माने आहे, वडील २००५ ला हयात असोत नसोत, असं स्पष्ट केलं. अडचण फक्त तिथे येते जिथे २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत वाटणीपत्राने किंवा कोर्टाच्या हुकमाने वाटप झालेलं असेल. तोंडी वाटप झालं होतं असं आता कुणी सांगितलं तर कोर्ट सहजासहजी मानत नाही. त्यामुळे ताईंचा हक्क तुमच्याइतकाच.

हिस्सा किती ते बघा. वडिलांनी घेतलेल्या दीड एकरात, मृत्युपत्र नसेल तर, आई, भाऊ, दोघी बहिणी असे चार समान वाटे. तीन एकर वडिलोपार्जित आहे, तिथे वडील गेले त्या क्षणी वाटणी झाली असं धरायचं, आपल्याकडे त्यात आईला पण मुलाइतका हिस्सा मिळतो, म्हणून पाच जणांचे पाच वाटे, आणि मग वडिलांचा पाचवा परत चौघांत. शेवटी प्रत्येकाला पाव हिस्साच येतो. तुमच्या आजी वडिलांच्या नंतर गेल्या असतील तर हिशोब बदलेल, त्यांच्या मृत्यूचा दाखला शोधून ठेवा.

आईंनी कृपया काहीही सही करू नये. हा एवढा एक मुद्दा ऐकलात तरी पुरे. बहिणींनी प्रेमाने सोडलं तर त्यांना निदान सासरचं घर आहे, आईला दुसरं कुठलंच नाही. त्यांना मुलाला द्यायचंच असेल तर मृत्युपत्राने द्या, ते हयातीत कधीही बदलता येतं. आणि बक्षीसपत्रच करायचं ठरलं तर मुलगा आईचा सांभाळ करेल, दवाखाना करेल ही अट दस्तातच लिहा. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात कलम २३ आहे, अट मोडली तर तो दस्त रद्द करून मागता येतो. अट नुसती बोलण्यात असली तर भांडत बसावं लागतं.

आणि हो, तुम्हा दोघींना तुमचा हिस्सा सोडायचाच असेल तर तो भावालाच सोडला पाहिजे असं कुठे लिहिलंय, आईच्या नावे हक्कसोड करता येते. मुद्रांक शुल्क रक्ताच्या नात्यात नाममात्रच असतं.

नीराकाठचा_शेतकरी (बारामती)

माझं मत पटणार नाही कुणाला पण लिहितो. मी पण भाऊ आहे. तीन बहिणी, तिघींची लग्नं मी कर्ज काढून केली, वडिलांच्या डायलिसिसला आठवड्यातून दोनदा पुण्याला घेऊन जाणारा मी, पाइपलाइन मी केली, आणि आता जमिनीला भाव आला की मेहुणे येऊन हिस्सा विचारतात. उसाला पाणी द्यायला रात्री दोनला लाइट येते तेव्हा कुणी येत नाही. चार एकराचे चार तुकडे करून कुणाचंच भलं होत नाही. बहिणीचा हक्क मला मान्य आहे, पण जो राबला त्याचं काय हे पण कुणीतरी लिहा.

मुळशीकर_थोरली

दादा तुमचं रागाने नाही वाचलं. राबणाऱ्याचं मोल व्हायलाच पाहिजे, पण ते मोल म्हणून सगळी मालकी घ्यायची हे गणित मला पटत नाही. लग्नाचा खर्च म्हणाल तर मुलाच्या लग्नातही होतो, आणि हुंड्याला तर १९६१ पासून कायद्याने बंदी आहे, तो हिस्सा दिला असं कसं धरणार. नाव लागलं म्हणजे लगेच तुकडे पडत नाहीत, सातबारा एक राहतो, नावं चार राहतात, कसायचं एकाने.

आमच्याकडे असंच केलंय. मी सही दिली नाही. भावाला सांगितलं, तू कस, पाइपलाइनचा खर्च लिहून ठेव, वाटप झालं तर तो आधी तुला मिळेल, पिकातला वाटा आईला दे, आम्हाला नको. पहिल्या वर्षी भाऊबीजेला माझ्याशी कुणी धड बोललं नाही. वहिनीने ताट वाढलं आणि आत निघून गेली. गावातल्या बायका म्हणायच्या की हिने साडीचोळी सोडून जमीन धरली. मला खूप लागायचं ते, खोटं कशाला सांगू. पण मी जाणं सोडलं नाही, रक्षाबंधनाला गेले, भावाच्या पोराच्या दहावीला गेले, आणि हळूहळू बोलणं परत सुरू झालं.

मग पुण्याच्या रिंगरोडसाठी जमिनीचं संपादन आलं. आमच्या पट्ट्यात त्या वेळी मी डोळ्यांनी बघितलं की ज्या घरात बहिणींच्या सह्या आधीच घेऊन ठेवल्या होत्या तिथे मोबदल्याच्या बैठकीला बाई दिसलीच नाही, आणि ज्या घरात वाद होता तिथली रक्कम भूसंपादन प्राधिकरणाकडे जमा होऊन पडली, कुणालाच मिळेना. आमचं आधीच ठरलेलं होतं आणि नावं सरळ होती, त्यामुळे आईच्या खात्यात तिची रक्कम तिच्या नावाने आली. तिच्या आयुष्यातलं ते पहिलं स्वतःचं खातं ज्यात विधवा पेन्शन सोडून काहीतरी आलं. तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला कुणासमोर हात पसरायला लागला नाही.

घोडकाठच्या ताई, भावाची सोसायटीची अडचण खरी आहे, तिला उत्तर द्या. कर्जाच्या वेळी संमती द्यायला आम्ही येऊ, तारीख आधी सांग, असं स्वतःहून म्हणा. अडचण संमतीची असेल तर संमती द्या, मालकी कशाला द्यायची?

बांधावरची (महिला शेतकऱ्यांसोबत काम, पुणे)

मी यात फार कायदा लिहीत नाही, वरच्यांनी लिहिलाय. मला दोन गोष्टी टोचतात.

एक, २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहिवाटदारांपैकी, म्हणजे शेती ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्यापैकी, साधारण १४ टक्केच महिला आहेत. खुरपणी, लावणी, कापूस वेचणी, जनावरं, सगळीकडे बाई, आणि कागदावर एवढीच. कागदावर नाव नसलं की ती सरकारच्या लेखी शेतकरीच नसते. पीएम किसानचे वर्षाचे ६००० आणि राज्याचे नमो शेतकरीचे ६००० जमीन नावावर असलेल्याला, पीक कर्ज नाव असलेल्याला, आता शेतकरी ओळखपत्र निघालंय ते पण सातबाऱ्याला जोडून. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये मराठवाडा विदर्भातल्या ११ जिल्ह्यांत, शेतकरी आत्महत्या झालेल्या घरातल्या ५०५ बायकांशी बोलून अहवाल केला होता, त्यात ४० टक्के बायकांच्या नावावर नवऱ्याची जमीन आलेलीच नव्हती. नवरा गेला, कर्ज राहिलं, आणि जमीन सासऱ्याच्या नाहीतर दिराच्या नावावर. तुमच्या चुलतीचं आणि तिच्या सुनेचं जे चाललंय ते अगदी हेच आहे. त्या सुनेला सांगा, नवरा गेला तर त्याच्या हिश्श्यात ती, तिची मुलं आणि सासू सगळे पहिल्या वर्गातले, म्हणजे सगळ्यात आधी हक्क असलेले वारस आहेत, दिराचा त्यात काही संबंध नाही. तिने पुढे दुसरं लग्न केलं तरी आधी मिळालेला हक्क जात नाही. विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, शिरूर कोर्टात तालुका समितीकडे अर्ज देता येईल.

दोन, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ताई, तुमच्या सगळ्या पोस्टमध्ये वहिनी एका ओळीत आली. वडिलांचं आजारपण तिने काढलं, शेतात तीच असणार, आणि या चौघांच्या हिशोबात तिचं नाव कुठेच नाही. उद्या भावाला काही झालं तर ती पण तुमच्या आईसारखी कुणाच्या तरी सहीवर. बहिणी हिस्सा मागायला लागल्या की वहिनीला वाटतं हे माझ्या पोरांच्या ताटातलं काढतायत, आणि तिचा राग तिच्या जागी बरोबर आहे, कारण तिच्याकडे नवऱ्याच्या नावाशिवाय दुसरं काही नाही. म्हणून बहिणीच्या हक्काचं बोलणं करताना बायकोच्या हक्काचं पण त्याच बैठकीत करा. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने नव्वदच्या आसपास लक्ष्मी मुक्तीची मोहीम काढली होती, नवऱ्यांनी स्वखुशीने बायकोच्या नावावर जमीन करून द्यायची, आणि गावच्या गावं त्यात उतरली. त्यानंतर १९९२ ला सरकारने निर्णय काढला की नवऱ्याने अर्ज दिला तर बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावायचं. एवढी वर्षं झाली तरी गावात विचारलं तर बहुतेकांना माहीत नसतं.

जाता जाता, कुणी आंबेगाव जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातलं आदिवासी समाजाचं वाचत असेल तर वरचा हिंदू वारसा कायदा तुम्हाला सरळ लागू होत नाही, अनुसूचित जमाती त्यातून वगळल्यात. पण वनहक्काचा पट्टा असेल तर २००६ च्या कायद्याने तो नवरा बायको दोघांच्या नावाने द्यायचा असतो, एकट्या नवऱ्याचा आला असेल तर विचारा.

नीराकाठचा_शेतकरी

वहिनीचं लिहिलं ते बरोबर आहे. माझ्या बायकोचं नाव कुठेच नाही हे वाचल्यावर लक्षात आलं. खर्च लिहून ठेवायचं पण पटलं. अर्ज कुठे द्यायचा काका?

निवृत्त_महसूल_काका

दादा, गावच्या तलाठ्याकडेच, लक्ष्मी मुक्ती योजनेखाली बायकोचं नाव लावायचंय असं लिहून, सोबत लग्नाचा पुरावा आणि सातबारा. टाळाटाळ झाली तर अर्जाची पोच घ्या आणि तहसीलदारांना द्या. पक्की मालकी द्यायची असेल तर नोंदणीकृत बक्षीसपत्र, शेतजमीन बायकोला देताना मुद्रांक शुल्कात मोठी सवलत आहे. पण आधी बहिणींचे हिस्से सरळ करा, कारण तुम्ही फक्त तुमच्या हिश्श्यापुरतं देऊ शकता, त्यांचं नाही.

घोडकाठची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी गावाला जाऊन आले. फेरफाराची नक्कल मिळाली, त्याला भावाने एकट्याने दिलेलं प्रतिज्ञापत्र जोडलंय, आमच्या तिघींच्या सह्या कशावरच नाहीत. ते बघून राग आला होता पण मुळशीकर ताईंचं वाचलेलं डोक्यात होतं, म्हणून आधी सोसायटीचंच बोलले, की संमतीला आम्ही दोघी येऊ, तारीख सांगत जा. मग आईचं. भाऊ गप्प होता बराच वेळ. म्हणाला तलाठ्याने सांगितलं तसं लिहून दिलं, मला पण वर खाली काय असतं माहीत नव्हतं. खरं असेल, नसेल, मला त्यात शिरायचं नाहीये.

मग मी वहिनीला हाक मारून बाहेर बोलावलं आणि सगळ्यांसमोर भावाला म्हटलं की आमची नावं वर घ्यायची तर तुझ्या हिश्श्यात वहिनीचं पण नाव लाव. ती आधी घाबरली, नको म्हणाली, मला कशाला. पण आई एकदम बोलली. म्हणाली, माझं पण कुणी लावलं नव्हतं, हिचं लावा. आणि मी सही करणार नाही आता. एवढं सगळं होईपर्यंत मला वाटत होतं आईला समजावायला मला लई वेळ लागेल, आणि तिचं आधीच ठरलेलं होतं.

ताई मात्र तिचा हिस्सा सोडायचाच म्हणतेय, तिला खरंच नकोय, पण आता आईच्या नावे सोडेन म्हणतेय. माझा मी ठेवणार. भावाने दुरुस्तीच्या अर्जावर सही करतो म्हटलंय, अजून केली नाही. घराच्या कागदाचं पण एक विचारायचं राहिलं, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला (घरांच्या नोंदीचा उतारा) घर अजून वडिलांच्याच नावावर आहे, ते यातच होतं का वेगळं?

निवृत्त_महसूल_काका

वेगळं. ते ग्रामसेवकाकडे (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं), वारस दाखला आणि मृत्यूचा दाखला लावून स्वतंत्र अर्ज. तिथे पण आईचं नाव पहिलं लिहा. भाऊ सही करतोय म्हणतोय तर फार दिवस जाऊ देऊ नका, पुढच्या खेपेला अर्ज टाइप करूनच घेऊन जा, चौघांच्या सह्या एका बैठकीत. अर्ज दिल्यावर ‘आपली चावडी’ या सरकारी साइटवर तुमच्या गावाचं नाव टाकून बघत राहा, फेरफार धरला की तिथे दिसतो, नोटिशीचे पंधरा दिवस मोजा, आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद मंजूर केली की नवा सातबारा काढून कब्जेदार सदरी चार नावं आणि प्रत्येकाचं क्षेत्र आहे का ते तपासा. क्षेत्र नुसतं सामाईक लिहिलं असेल तर हिस्सा लिहून मागा.